पंधरा कपॅसिटरची माळ : टेस्ला कॉइलसाठी ९४२सी

कपॅसिटर निवडताना नजर जाते ती अंगावर छापलेल्या दोन आकड्यांवर : मायक्रोफॅरड आणि व्होल्ट. टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारा उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, आणि स्पार्क गॅप म्हणजे ठिणगी उडाली की भरलेला कपॅसिटर त्यात रिकामा करणारी फट. अशा कॉइलमध्ये माणूस फसतो तो तिसऱ्या आकड्यावर, आणि तो फक्त डेटाशीटमध्ये असतो. तो म्हणजे डीव्ही बाय डीटी : व्होल्टेज किती वेगाने बदललेलं कपॅसिटरला सोसतं ते. गॅप पेटला की प्रायमरीतून, म्हणजे मोजक्या वेढ्यांच्या पहिल्या गुंडाळीतून, काही मायक्रोसेकंदांत शेकडो अँपिअर धावतात. साध्या मेटलाइज्ड कपॅसिटरमध्ये फिल्मवरचा पातळ थर आणि टोकाला फवारलेला धातू यांचा जोड हा धक्का सोसत नाही. जोड कडेकडेने जळतो, कपॅसिटन्स उतरत जातो, कॉइल थोडी थोडी ट्यूनमधून सरकते, आणि दोष मात्र गॅपला दिला जातो.

कॉर्नेल डुबिलिअरचा ९४२सी२०पी१५के कॉइलवाल्यांचा लाडका आहे तो याच कारणाने. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्ट डीसी, पॉलिप्रॉपिलीन. डीव्ही बाय डीटी २८७९ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे पीक करंट ४३२ अँपिअर. त्याच कंपनीचा ९४०सी दिसायला सख्खा भाऊ, पण पीक करंट बराच कमी. ऑर्डर देताना हा एक आकडा नीट वाचा.

आता हिशेब. निऑन साइनचा १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर धरू. त्याचा इम्पिडन्स ५०० किलोओहम, म्हणून रेझोनंट कपॅसिटन्स (ज्यावर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मेन्सच्या फ्रीक्वेन्सीला रेझोनन्समध्ये येतात तो) ५० हर्ट्झला ६.४ नॅनोफॅरड आणि ६० हर्ट्झला ५.३. नेमका हाच आकडा टाळायचा. गॅप एखाद्या वेळी पेटला नाही तर व्होल्टेज सायकलमागून सायकल चढत जातं आणि आधी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जातं. स्टॅटिक (फिरता भाग नसलेल्या) गॅपला रेझोनंटच्या साधारण दीडपट घ्या. ५० हर्ट्झला ते साडेनऊ-दहा नॅनोफॅरड होतात, आणि ०.१५ चे पंधरा सिरीजमध्ये लावले की बरोबर १० नॅनोफॅरड येतात. ६० हर्ट्झला हीच माळ थोडी मोठी पडते. तिथे अठरा लावले की ८.३ मिळतात.

पंधराच्या माळेला डीसी रेटिंग ३० किलोव्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचा पीक २१.२ किलोव्होल्ट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १.४. कॉइल २०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर प्रायमरी ६३ मायक्रोहेन्री लागते, सर्ज इम्पिडन्स (प्रायमरी आणि माळ मिळून पल्सला करतात तो विरोध) ८० ओहम येतो आणि पीक करंट २६५ अँपिअरच्या आसपास. ४३२ पुढे ही ऐसपैस सोय झाली.

तक्रार एकच, पण ती सांगायलाच हवी. या कपॅसिटरचं एसी रेटिंग ५०० व्होल्ट आहे आणि आपण त्याला हजार आरएमएस (१.४ किलोव्होल्ट पीकचं परिणामी मूल्य) देतोय. मिनिटभर चालवून थांबणाऱ्या कॉइलला हे चालून जातं. प्रदर्शनात तासन्‌तास चालवायची असेल तर मात्र कपॅसिटर दुप्पट घेऊन प्रत्येकावरचं व्होल्टेज निम्मं करा. तसं केल्यावर कपॅसिटन्सही निम्मा होतो, म्हणून दुसरी तशीच माळ पॅरललमध्ये लागते. एकूण साठ नग. हौस महाग आहे.

माळ बांधताना प्रत्येक नग मीटरवर मोजा. टॉलरन्स दहा टक्के आहे आणि सिरीजमध्ये ज्याचा कपॅसिटन्स सर्वांत कमी, त्याच्यावर व्होल्टेज सर्वांत जास्त. मोजताना १ किलोहर्ट्झवर लॉस फॅक्टरही (किती ऊर्जा उष्णतेत वाया जाते ते) बघा : खऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा ०.००१ च्या आत असतो. ०.००४-०.००५ आला तर आत पॉलिएस्टर आहे, लेबल काहीही म्हणो. तो कॉइलच्या फ्रीक्वेन्सीला तापतो.

प्रत्येक नगावर १० मेगओहमच्या आसपास ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, हवाच. अर्ध्या वॅटचा एकच रेझिस्टर मात्र लावू नका. वॅट पुरतात, व्होल्ट पुरत नाहीत. २.७ मेगओहमचे चार सिरीजमध्ये लावले की प्रत्येकावर अडीचशे व्होल्ट येतात. वीज बंद केल्यावर आठ सेकंदांत माळ रिकामी होते, तरी इन्सुलेटेड दांड्याने शॉर्ट केल्याशिवाय हात घालायचा नाही. भरलेल्या माळेत सव्वादोन जूल असतात आणि ब्लीडर तुटलाय हे बाहेरून दिसत नाही. माळ यूसारखी वळवली तर दोन टोकं शेजारी येतात आणि त्यांच्यात पूर्ण २१ किलोव्होल्ट असतात, म्हणून नागमोडी मांडा. सोल्डरचे काटे गोल करा, नाहीतर अंधारात निळा कोरोना (टोकांवरून हवेत झिरपणाऱ्या विजेची चमक) दिसेल.

कपॅसिटर म्हणून मिठाच्या पाण्याच्या बाटल्या पहिल्या ठिणगीपुरत्या ठीक. काचेतला लॉस मोठा, आणि १० नॅनोफॅरडला डझनभर तरी बाटल्या लागतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचा कपॅसिटर पल्ससाठी बनलेलाच नाही.

ट्यूनिंग माळेने नव्हे, प्रायमरीच्या टॅपने (तार ज्या वेढ्याला जोडतो ती जागा) करा. एक नग काढला तर कपॅसिटन्स एकदम सात टक्के उडी मारतो. टॉपलोड (वरचा धातूचा गोळा किंवा कडं) बसवून सेकंडरीची (बारीक तारेच्या उंच गुंडाळीची) फ्रीक्वेन्सी सिग्नल जनरेटरने मोजा, पुऱ्या माळेचा खरा कपॅसिटन्स मोजा (१० ऐवजी ९ निघाला तर फ्रीक्वेन्सी पाच टक्के वर), आणि त्यावरून टॅपचा पहिला वेढा ठरवा. गॅप अरुंद ठेवून पाव-पाव वेढा सरकवत सर्वांत लांब ठिणगी शोधा. मग गॅप पूर्ण उघडा आणि टॅप पुन्हा बाहेर न्या, अर्ध्यापासून एक वेढ्यापर्यंत. हवेत पसरलेली ठिणगी स्वतःच सेकंडरीला कपॅसिटन्स जोडते आणि तिची फ्रीक्वेन्सी खाली ओढते. सेकंडरीच्या अंगावर ठिणग्या पळू लागल्या तर आधी ती थोडी वर उचला. तरी थांबल्या नाहीत तर पुन्हा टॅपकडे या.

मिनिटभर चालवून, बंद करून, शॉर्ट करून प्रत्येक नगाला बोट लावा. सगळे जेमतेम कोमट हवेत. एखादाच गरम लागला तर तो लगेच बदला.