प्राध्यापकांची नेमणूक: मोकळी मुलाखत की आखीव? नावं झाकायची की निकष बांधायचे? कार्यशाळा की मार्गदर्शक?

एका प्राध्यापकाची नेमणूक हा पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा निर्णय असतो, आणि तो बहुधा पाऊण तासाच्या मुलाखतीवर घेतला जातो. म्हणून मुलाखत कशी घ्यायची, वेगळ्या पार्श्वभूमीचे लोक वाटेत गळू नयेत यासाठी काय करायचं आणि रुजू झालेल्याला शिकवण्याचं प्रशिक्षण कसं द्यायचं, हे तीन निर्णय विभागप्रमुखांनी जाहिरात निघण्याआधीच घ्यावेत. तिन्ही ठिकाणी आमचा कौल एकाच बाजूला आहे: माणसांना 'निष्पक्ष व्हा' असं सांगत बसण्यापेक्षा कामाची रीत बदला.

मोकळी मुलाखत की आखीव?

मोकळ्या मुलाखतीत निवड समितीचे सदस्य बायोडेटा चाळता चाळता सुचेल ते विचारतात. तयारी लागत नाही, उमेदवार सैलावतो, संशोधनावरची चर्चा कधी कधी खरोखर रंगते. पण दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारल्यावर त्यांची तुलना कशावरून करणार? मग ज्याच्याशी गप्पा जमल्या तो 'चांगला वाटला' म्हणून पुढे जातो. आखीव मुलाखतीत प्रश्न, त्यांचा क्रम आणि गुण देण्याची पट्टी आधी ठरते आणि सगळ्यांना तीच लागू होते.

मुलाखतीतले गुण आणि नंतरचं काम यांचा मेळ किती बसतो, यावर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये घेतला. आखीव मुलाखतीचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.५१ निघाला, मोकळीचा ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब नव्याने मांडला, तेव्हा आकडे ०.४२ आणि ०.१९ वर आले. दोन्ही पद्धतींचं मोल घटलं, त्यांच्यातलं अंतर मात्र वाढलं. हे आकडे सर्व प्रकारच्या नोकऱ्यांचे आहेत, फक्त विद्यापीठांचे नाहीत. तरी मोकळ्या मुलाखतीवर भिस्त ठेवायला त्यांनी फारशी जागा ठेवलेली नाही.

४५ मिनिटांत पाच प्रश्न पुरेत: ओळखीला तीन मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला सात, आणि शेवटची सात मिनिटं उमेदवाराच्या शंकांना. 'तुमची अध्यापनपद्धती सांगा' म्हटलं की पाठ केलेलं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: 'पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला, असं कधी झालंय का? पुढच्या दोन आठवड्यांत काय केलंत? झालं नसेल तर काय कराल?' याची पट्टी अशी बांधता येते. सगळा दोष विद्यार्थ्यांवर टाकला तर १ गुण. जादा तास घेतले, पण अडलं कुठे ते शोधलं नाही, तर ३. उत्तरपत्रिकांमधून नेमकी अडचण काढली, शिकवणं बदललं आणि त्याचा उपयोग झाला का हे पुन्हा तपासलं, तर ५. पट्टीवर नुसते आकडे असतील आणि त्यांचं वर्णन नसेल, तर सगळ्यांना ३ आणि ४ मिळतात आणि तासभर खपून हाती काही लागत नाही.

मुलाखत संपली की दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने गुण लिहून कागद समन्वयकाकडे द्यायचा, मग चर्चा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलायचं. हा क्रम मोडला की पहिल्यांदा बोललेल्या ज्येष्ठांचं मत बाकीच्यांच्या कागदावर उतरतं. एकाच उत्तराला दोन सदस्यांच्या गुणांत दोन किंवा त्याहून जास्त फरक असेल तर लगेच सरासरी काढू नका, दोघांना कारण विचारा. बहुतेक वेळा त्यांनी निकषाचा अर्थच वेगवेगळा घेतलेला असतो.

ही पद्धत फसते ती ठरावीक ठिकाणी. पट्टीत 'व्यक्तिमत्त्व' किंवा 'विभागात मिसळेल का' असा रकाना शिरतो आणि मागच्या दाराने मोकळी मुलाखत परत येते. किंवा आवडलेल्या उमेदवाराला सदस्य खोलात जाऊन विचारतात, बाकीच्यांना नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रश्नासोबत दोन पुरवणी प्रश्नही आधीच लिहून ठेवणं. मोकळी चर्चा हवीच असेल तर गुणांचे कागद जमा झाल्यावर करा.

जोडीला २० मिनिटांचा प्रात्यक्षिक पाठ ठेवा. विषय पहिल्या वर्षाचा, सगळ्यांना एकच, आठवडाभर आधी कळवलेला. समोर खरे विद्यार्थी हवेत. फक्त तज्ज्ञ बसवले तर उमेदवार तज्ज्ञांसाठीच बोलतो आणि वर्गात त्याचं काय होईल ते कळत नाही.

नावं झाकायची की निकष आधी बांधायचे?

२०१२ मध्ये मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान विभागांतल्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला. निम्म्यांना अर्जदाराचं नाव जॉन दिसलं, निम्म्यांना जेनिफर. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. झुकतं माप देण्यात महिला प्राध्यापकही मागे नव्हत्या. म्हणजे समितीत एक महिला सदस्य घेतली की प्रश्न सुटला, असं होत नाही.

मग नावं झाकावीत? विद्यापीठात हे फार पुढे जात नाही, कारण शोधनिबंधांची यादीच उमेदवाराची ओळख सांगते. फ्रान्समधल्या एका मोठ्या प्रयोगात तर नावं झाकल्यावर स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. नावासोबत संदर्भही झाकला जातो. करिअरमधला खंड दिसतो, त्याचं कारण दिसत नाही.

निकष आधी बांधण्याचा पर्याय जास्त भक्कम आहे. उलमान आणि कोहेन यांच्या २००५ च्या प्रयोगात पोलीसप्रमुखाच्या पदासाठी पुरुष उमेदवाराकडे जी पात्रता असेल तीच महत्त्वाची, असं लोक ठरवत होते. अर्ज दिसण्याआधी निकष पक्के करायला लावले तेव्हा हा भेद नाहीसा झाला. तेव्हा पाच-सहा निकष आणि त्यांचा भार जाहिरातीआधी लिहून सही करून ठेवा. प्रत्येक अर्ज दोघांनी वाचावा. आधी एका निकषावर सगळे अर्ज, मग दुसऱ्या निकषावर सगळे, असं वाचा. एकच अर्ज सलग वाचला की पहिल्या चमकदार ओळीची छाया पुढच्या सगळ्या गुणांवर पडते. शिफारसपत्रं फक्त अंतिम यादीतल्यांची मागवा. वैद्यकीय प्राध्यापकांच्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांच्या २००३ च्या अभ्यासात स्त्रियांची पत्रं आखूड आणि जास्त शंका घेणारी आढळली होती.

जिथे आरक्षणाचा कायदा आहे तिथे तो पाळायचाच. वरची पद्धत त्याला पर्याय नाही. आणि मुळात अर्जच एका ठरावीक वर्तुळातून आले असतील, तर छाननी कितीही चोख केली तरी उपयोग नाही. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधी अर्जांकडे एक नजर टाका आणि गरज असेल तर मुदत वाढवा.

कार्यशाळा की वर्षभराचा मार्गदर्शक?

परीक्षा प्रणाली, अनुदानाचे नियम असल्या गोष्टींना अर्ध्या दिवसाची कार्यशाळा पुरते. शिकवण्याची सवय तेवढ्याने बदलत नाही. अमेरिकेत कार्यशाळा केलेल्या विज्ञान प्राध्यापकांपैकी ८९ टक्क्यांनी आपण वर्गात सुधारणा केल्याचं सांगितलं. त्यांचे तास प्रत्यक्ष पाहिले तेव्हा ७५ टक्के शिक्षककेंद्री व्याख्यानच देत होते. एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ चा आहे. कार्यशाळेनंतरच्या अभिप्राय अर्जांवर विसंबू नये, ते यासाठी.

मार्गदर्शकाचा हिशेब असा: सत्रात नव्या प्राध्यापकाचे दोन तास पाहायचे, प्रत्येक तासाआधी अर्धा तास बोलणं आणि नंतर दोन दिवसांच्या आत अर्धा तास चर्चा. वर्षाचे आठ तास झाले. त्यात महिन्याला तासाभराची एक भेट धरली तर एकूण अठरा-वीस. हे तास मार्गदर्शकाच्या कार्यभारात मोजले नाहीत तर दुसऱ्या महिन्यात योजना थंडावते. नव्या प्राध्यापकाचा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीला मार्गदर्शक करू नका. तिच्यासमोर कोणी आपली अडचण उघडी करत नाही. शक्य असेल तर मार्गदर्शक दुसऱ्या विभागातला घ्या.

मुलाखतींना महिनाही उरला नसेल तर निकषांचा कागद आणि मुलाखतीनंतरची दहा मिनिटांची शांतता एवढंच घ्या. त्याला एका दुपारची बैठक पुरते. मार्गदर्शकाची व्यवस्था उमेदवार रुजू होईपर्यंत लावता येते, पण त्याचे तास कार्यभार वाटपाआधी मंजूर करून घ्या.