२४ फुटी जुनं मोटरहोम घेऊन युकॉनमध्ये उन्हाळा: वापरानंतरचा अनुभव

आधी गाडीबद्दल. फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरचं क्लास सी मोटरहोम (ट्रकच्या केबिनमागे घर जोडलेलं), २४ फूट, सेकंडहँड, व्ही-१० पेट्रोल इंजिन, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक पलंग, मधे टेबल आणि छोटं किचन. भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करायची सोय, म्हणजे स्लाइड-आउट, यात नाही आणि आम्ही मुद्दाम तसलीच शोधली. आम्ही एडमंटनला राहतो, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, माझी रजा साठलेली, मुलाला शाळेची सुट्टी आणि रत्नागिरीहून माझे बाबा आलेले, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, मधे एकदा घरी येऊन, ही गाडी अलास्का हायवे, कॅनडाच्या वायव्य टोकाचा युकॉन प्रदेश आणि तिथून आर्क्टिककडे जाणारा डेम्प्स्टर हायवे यांवर भरपूर फिरली. कितीतरी जणांनी विचारलं की घ्यावं का असलं काही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आत्ताच सांगून टाकते, उत्तरेत जायचं असेल तर गाडी किती मोठी, टीव्ही किती इंची, सोफा लेदरचा आहे का हे काहीही बघू नका. प्लग न लावता, नळ न जोडता ती सलग किती रात्री तुम्हाला सांभाळते एवढंच बघा. कारण युकॉन सरकारच्या कॅम्पग्राउंडमध्ये लाइटचं कनेक्शन नसतं, पाण्याचा हातपंप किंवा टाकी असते, ते पाणी उकळून प्यायचं, आणि संडास म्हणजे खड्ड्यावरची स्वच्छ कोरडी खोली. पण जागा अशा आहेत की बोलायची सोय नाही! तळ्याच्या अगदी काठावर तुमचा स्पॉट, शेजारी झाडांच्या पलीकडे, आणि शेकोटीचं सरपण भाड्यातच येतं.

विजेचं आधी सांगते कारण तिथेच बहुतेकांची झोप उडते. गाडी आतून गरम ठेवणारा फर्नेस प्रोपेन गॅसवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो सात-आठ अँपिअर खातो. रात्री तापमान शून्याजवळ गेलं की तो अर्धा वेळ चालूच असतो, म्हणजे एका रात्रीत ३० अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) नुसते पंख्याला गेले, वर फ्रिजचं सर्किट, पाण्याचा पंप, दिवे. गाडीसोबत आलेली लेड-अॅसिड बॅटरी जेमतेम ९० अँपिअर-अवरची आणि त्यातली निम्मीच वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते, त्यात थंडीत अजून कमी देते. म्हणून निघायच्या आधीच २०० अँपिअर-अवरची लिथियम बसवून घेतली, आणि ती बाहेरच्या डब्यात न ठेवता टेबलाच्या बाकाखाली आत ठेवली, कारण लिथियम शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही. छतावर ४०० वॉटचं सोलर आहे. आता सगळ्यांना वाटतं जूनमध्ये युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सला एकोणीस तास उजेड म्हणजे सोलर धो धो देणार, पण तिथे भर दुपारी पण सूर्य ५२-५३ अंशांच्या वर चढत नाही, आणि उरलेला वेळ तो क्षितिजाजवळून तिरका फिरतो, पॅनल छतावर आडवं पडलेलं, स्प्रूसची झाडं आडवी येतात, त्यामुळे तास भरपूर पण जोर कमी. सप्टेंबरमध्ये तर तो तिशीच्या आसपासच राहतो. खरं काम केलं ते इंजिनच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणाऱ्या डीसी-टू-डीसी चार्जरने. ३० अँपिअरचा आहे, पाच तास गाडी चालवली की दीडशे अँपिअर-अवर आत, आणि उत्तरेत पाच तास गाडी चालवणं ही रोजची गोष्ट आहे. पैसे कमी असतील तर सोलर अर्धं घ्या पण हा चार्जर सोडू नका.

पेट्रोल मात्र पितेच. १०० किलोमीटरला २५ ते ३० लिटर, चढावर आणि समोरून वारा असला की तिसाच्या वर. टाकी मोठी आहे, दोनशे लिटरच्या पुढे, म्हणून पंप चुकायची धाकधूक कमी, तरी नियम एकच ठेवला, अर्धी टाकी झाली की जो पंप येईल तिथे भरायची, भाव बघायचा नाही. डेम्प्स्टरवर तर क्लोंडाइक हायवेच्या फाट्यापासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर मधे एकही पंप नाही.

रस्त्यांबद्दल. अलास्का हायवे डॉसन क्रीकला सुरू होतो, १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने युद्धाच्या घाईत काही महिन्यांत बांधला, आता पूर्ण डांबरी आहे आणि अशी गाडी नवशिक्याने पण आरामात न्यावी असा आहे. अशी गाडी चालवायला अल्बर्टात साधं क्लास ५ लायसन्स चालतं. फोर्ट नेल्सननंतर खरी मजा सुरू होते, समिट पास, मग मंचो लेक, ज्याचं पाणी हिरवं-निळं दिसतं, आणि रस्त्यावर मीठ चाटायला आलेल्या जंगली मेंढ्या ज्या हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. पुढे लिआर्डच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ रस्त्याच्या कडेला बायसनचे कळप, तिथे सूर्य मावळल्यावर चालवूच नका. वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे, १९४२ मध्ये घरची आठवण येणाऱ्या एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, त्यात आता हजारो गावं आहेत. बाबांनी घरून आणलेली ‘रत्नागिरी’ची छोटी पाटी आम्ही पण ठोकली, हातोडी आणि खिळे सोबत ठेवा.

क्लुआनी लेकच्या पुढे बीव्हर क्रीककडे मात्र रस्ता लाटांसारखा होतो. खालची गोठलेली जमीन जागोजाग वितळते-गोठते आणि डांबर खाली-वर होतं. तिथे ताशी ६० च्या वर गेलात की मागच्या कपाटातून भांडी बाहेर. आमच्या गाडीची मागची ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारा भाग, कमी आहे म्हणून बूड घासलं नाही, वाटेत भेटलेल्या एका लांबलचक गाडीवाल्याची मागची डंप व्हॉल्व्हच (सांडपाणी सोडायची तोटी) तुटली होती.

डेम्प्स्टर ही वेगळीच गोष्ट. खडीचा रस्ता, बर्फाळ जमीन वितळू नये म्हणून खडीचा जाड थर घालून वर उचललेला, १९७९ मध्ये खुला झाला. पाऊस नसेल तेव्हा धूळ, पाऊस असेल तेव्हा सिमेंटसारखा चिखल कारण धूळ दाबायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात. आम्ही ४०५ किलोमीटरवरच्या आर्क्टिक सर्कलच्या पाटीपर्यंत गेलो. टायर एलटी२२५/७५आर१६, लोड रेंज ई, नवीन, आणि ताशी ५०-६०. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सहा-सात वर्षांच्या वर गेले असतील तर नक्षी कितीही छान असो बदला. समोरून ट्रक आला की मी पूर्ण उजवीकडे घेऊन जवळजवळ थांबतेच, तरी काचेला दोन चिरा आल्याच.

धूळ सगळीकडे जाते. फ्रिजच्या बाहेरच्या जाळीला आणि खालच्या कप्प्यांच्या फटींना पेंटरची टेप लावली होती, ती जाळीवरची टेप फ्रिज गॅसवर लावायच्या आधी काढायची हे लक्षात ठेवा. स्लाइड-आउट असतं तर त्याच्या रबरात ही धूळ बसून ते अडकलं असतं, इथेच स्लाइड नसल्याचा फायदा कळला. फर्नेसने मात्र डेम्प्स्टरवरच्या टूमस्टोन पार्कात रात्री दगा दिला. पंखा सुरू, पण ज्योत पेटत नाही, गार हवा फेकतोय. आत सेल स्विच म्हणून एक पातळ पत्र्याची पट्टी असते, पंख्याच्या वाऱ्याने ती ढकलली गेली की मगच गॅस सुटतो, त्या पट्टीवर धुळीचा थर बसला होता, ती हलतच नव्हती. नवऱ्याने टॉर्च तोंडात धरून पॅनल उघडलं, मऊ ब्रशने ती पट्टी झाडली आणि पहिल्याच फटक्यात ज्योत पेटली. खडीच्या रस्त्यावर जाणार असाल तर ही पट्टी कुठे आहे ते घरीच बघून ठेवा.

आतला ओलावा हा दुसरा मुद्दा. चार माणसं आत झोपली, बाहेर दोन डिग्री, सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि वरच्या गादीखाली लाकूड ओलं. गादीखाली जाळीचा थर घातला, छताची खिडकी बोटभर उघडी ठेवली, मग बरंच कमी झालं. क्लास सी घेताना त्या वरच्या पलंगाचे कोपरे दाबून बघा, तिथे मऊ लागलं की आत पाणी मुरलंय, अशी गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरा. आम्ही अशा दोन सोडल्या.

आता मासे, ज्यासाठी बाबा एवढ्या लांब आले. लायसन्स प्रत्येक ठिकाणचं वेगळं, बीसीचं (ब्रिटिश कोलंबिया) वेगळं, युकॉनचं वेगळं, नॅशनल पार्कमधल्या पाण्याचं तिसरं, आणि परदेशी पाहुण्यांना जास्त दर. युकॉनमध्ये काटेरी टोक नसलेला बार्बलेस गळ लागतो, साधा गळ पकडीने दाबून त्याचा काटा सपाट केला की झालं. सामान फार लागत नाही, साडेसहा फुटी हलका रॉड, सहा पौंडाची दोरी आणि लहान चमकणारे स्पिनर, एवढ्यावर आर्क्टिक ग्रेलिंग हा मासा मिळतो. पाइक माशासाठी मात्र पुढे स्टीलची तार लावा, त्याचे दात दोरी सहज कापतात.

डेम्प्स्टरवरच्या ब्लॅकस्टोन नदीत बाबांनी पहिला ग्रेलिंग काढला तेव्हा मी शेजारीच होते. पाण्यात असताना त्याचा पाठीवरचा पर उघडलेला होता, एखाद्या शिडासारखा, त्यावर जांभळे-गुलाबी ठिपके, कडेला लालसर रेघ, आणि बाहेर काढल्यावर बघता बघता तो रंग विझायला लागला. बाबांनी हात आधी नदीत ओले केले, गळ सोडवला, तोंड प्रवाहाकडे करून धरलं आणि तो सुटला. बाबा म्हणाले, “हा नको, पुढचा खाऊ.” पुढचे दोन ठेवले. पोट तिथेच साफ करायचं आणि आतडी खोल वाहत्या पाण्यात टाकायची, काठावर किंवा कॅम्पच्या कचऱ्यात नाही, अस्वलं येतात. ग्रेलिंगचं मांस मऊ, उद्यावर ठेवू नका, त्याच दिवशी खा. कोकमाचं आगळ, तिखट, हळद, मीठ, वरून रवा, लोखंडी तव्यावर. बाबांच्या मते बांगड्याची सर नाही पण ताजेपणाला तोड नाही. लेक ट्राउट तेलकट, त्याचं कालवण छान होतं. पण थंड पाण्यात तो इतका हळू वाढतो की मोठा मासा कित्येक दशकांचा असू शकतो, म्हणून मोठे आम्ही सोडूनच दिले, लहानावर भागवलं.

सामन पकडायच्या आशेने मात्र युकॉन नदीवर येऊ नका. चिनूक जातीचे सामन इतके कमी झालेत की एप्रिल २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने सात वर्षं त्यांची मासेमारी थांबवायचा करार केला. व्हाइटहॉर्सला धरणाशेजारी १९५९ ची ३६६ मीटर लांब लाकडी माशांची शिडी आहे, तिथे काचेतून बघायला मुलगा नाक लावून बसला, एकही चिनूक गेला नाही. समुद्रापासून तीन हजार किलोमीटर पोहून येणारा मासा, आणि ती काच रिकामी. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

अस्वलांमुळेच तंबूपेक्षा ही गाडी बरी. क्लुआनीच्या कॉंग्डन क्रीक कॅम्पग्राउंडला किनाऱ्यावर सोपबेरीची झुडपं आहेत, ती पिकली की ग्रिझली खायला येतात, तंबूवाल्यांसाठी विजेच्या कुंपणात वेगळी जागा ठेवलीय. कूलर, तवा, कचरा, टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही, बेअर स्प्रे कमरेला, बॅगेत नाही.

डासांमुळे जून-जुलैत संध्याकाळी बाहेर बसणं कठीण, आमच्या जाळ्या नवीन बसवल्या होत्या म्हणून आत तरी शांतता. ऑगस्टचा शेवट सगळ्यात भारी, डास जवळजवळ गेलेले, टूमस्टोनचा टुंड्रा लाल-पिवळा, रात्री पुन्हा काळोख पडायला लागल्याने ऑरोरा (आकाशातला हिरवट उत्तर प्रकाश) दिसतो, फक्त फर्नेस जास्त चालतो. पाण्याची टाकी दीडशे लिटरची, चौघांना चार दिवस पुरते, अंघोळ एक दिवसाआड आणि भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली तर.

भाड्याने घेणार असाल तर करार नीट वाचा, बऱ्याच कंपन्या डेम्प्स्टर आणि खडीच्या रस्त्यांना परवानगीच देत नाहीत, फक्त अलास्का हायवे आणि व्हाइटहॉर्सच करायचं असेल तर भाड्याची चालेल. विकत घेतली तर सप्टेंबर संपायच्या आत पाणी पूर्ण काढून, पाणी तापवायचा हीटर बायपास करून, पाइपांमध्ये गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ फिरवावं लागतं, नाहीतर एडमंटनच्या पहिल्याच कडाक्यात पाइप फुटतात. आमची तशी करून अंगणात उभी आहे, वसंतात मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) बसवायच्या आहेत, त्या खाली-वर रस्त्यावर मागची बाजू जास्त डोलते.