सहा महिने दर रविवारी फ्लुकोनाझोल: वारंवार होणाऱ्या यीस्ट इन्फेक्शनचा माझा अनुभव

गेल्या वर्षी मे ते डिसेंबरमध्ये मला योनीमार्गातल्या बुरशीचा, म्हणजे यीस्टचा, त्रास पाच वेळा झाला. अंगावरून दह्याच्या गाठींसारखं पांढरं जाणं, रात्री झोप मोडेल अशी खाज, लघवीला आग. वास मात्र नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण मासळीसारखा वास आणि पातळ, करडं पाणी जाणं हे बहुतेक वेळा जिवाणूंचं दुखणं असतं. त्यावर यीस्टचं औषध चालत नाही.

पहिल्या तीन वेळा मी लाजेने मेडिकलमधूनच क्रीम आणलं. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं होतं हे मला नंतर कळलं. चार दिवस खूप बरं वाटायचं, मग खाज दुप्पट व्हायची आणि कातडी पातळ होऊन चिरायची. कोणीही हे करू नका, अगदी कळकळीने सांगते.

चौथ्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी स्वॅब घेतला, म्हणजे कापसाच्या काडीने स्राव घेऊन तपासायला पाठवला. त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्टची जात निघाली. वर्षात चार-पाच वेळा झालं तर मुळात काहीतरी आहे, म्हणाल्या, आणि माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. मला मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.४ होतं. एप्रिलपासून डॅपाग्लिफ्लोझिन चालू होती. ही गोळी जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकते, आणि त्या साखरेवर यीस्टचं छान भागतं. माझा पहिला त्रास मे महिन्यातला! इतके महिने मी हे जोडलंच नव्हतं. मधुमेहाच्या डॉक्टरांनी ती गोळी बदलली. कोणी हे वाचून मनाने बंद करू नका, हृदय आणि किडनीसाठीही ती देतात.

डिसेंबरमध्ये पाचव्यांदा झालं तेव्हा बाईंनी फ्लुकोनाझोल, म्हणजे यीस्टवरची पोटात घ्यायची गोळी, १५० मिलिग्रॅम दिलं: पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी एकेक, मग आठवड्याला एक, सहा महिने. खाज चौथ्या दिवसापर्यंत निम्मी झाली, दहाव्या दिवशी गेली. सुरुवातीला डोकं दुखायचं आणि थोडं मळमळायचं, ते महिन्याभरात थांबलं. पण मी ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळीही घेते, आणि फ्लुकोनाझोलमुळे तिचा असर वाढतो. एका रविवारी दुपारी हातपाय थरथरले, मशीनवर साखर ६२, म्हणजे फारच खाली. तेव्हापासून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करून घेतला. मधुमेह असेल तर हे आधीच विचारा. गरोदर असाल तर ही गोळी घेऊ नका, तिथे आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या देतात.

सवयींत मोठा बदल एकच: आतून साबणाने, जंतुनाशकाच्या पाण्याने धुणं बंद. सुती चड्ड्या, ओलं लगेच बदलणं, हे तर आहेच. आमच्या चिपळूणच्या पावसात काही वाळत नाही, म्हणून मी चड्ड्या उलट करून इस्त्री फिरवते. दही खाण्याने फरक पडला असं मला म्हणवत नाही. नवऱ्याला लक्षणं नव्हती, त्याला औषध दिलं नाही. खरा फरक साखरेने पडला, एचबीए१सी आता ६.९ आहे.

गोळी बंद होऊन दोन महिने झालेत. बंद केल्यावर पुष्कळ जणींना पुन्हा होतं असं बाईंनी आधीच बजावलं होतं. मध्ये एकदा खाज सुटली तेव्हा क्रीम न आणता थेट स्वॅब दिला. यीस्ट नव्हतं, नव्या लिक्विड साबणाने आग झाली होती.