लाइटरूम ६ : की बरोबर, तरी रोज तीच विचारणा

फोटो एडिट करायच्या अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरची एकदाच पैसे भरून घ्यायची शेवटची आवृत्ती म्हणजे लाइटरूम ६. ती २०१५ ची. पुढचं सगळं भाड्यावर. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे लग्नाची कामं करणाऱ्या स्टुडिओत अशी जुनी आवृत्ती अजून एखाद्या संगणकावर असते, आणि तिच्याबद्दलची मोठी तक्रार फोटोंच्या कामाची नसतेच. उघडलं की २४ आकडी सिरियल नंबर, म्हणजे लायसन्सची ‘की’, मागते. दिला की चालते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागते. मग कोणीतरी विंडोज फॉरमॅट करून देतो, दोन आठवडे बरे जातात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फॉरमॅटच्या आधी लाइटरूम ही की कशी मागते ते बघा, निम्मं निदान तिथंच होतं. आकडे टाकल्याबरोबर नाकारत असेल तर टायपिंग तपासा. आपल्याकडे एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही कीबोर्ड असतात आणि काही लेआउटमध्ये आकडेही देवनागरी किंवा कन्नड उमटतात. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या. अपग्रेडची की असेल तर ती आधीच्या आवृत्तीचाही नंबर मागते, तो दिल्याशिवाय पुढं जात नाही. बराच वेळ चक्र फिरून मग नाकारत असेल तर अडचण इंटरनेटच्या वाटेवर आहे. आणि की घेते, नीट चालते, पण बंद करून उघडल्यावर पुन्हा मागते, असं असेल तर की शंभर टक्के बरोबर आहे. ती लिहून ठेवायची जागा बंद आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ या तिसऱ्या प्रकारात होतो. लायसन्सची नोंद सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा फोल्डरात, अडोबीच्या आत एसएलस्टोअर नावाच्या फोल्डरात राहते. प्रोग्रामडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून हिडन आयटम्स चालू करावं लागतं. चालू लॉगिनला तिथं लिहायची परवानगी नसेल तर लाइटरूम की वाचते, पण जपून ठेवू शकत नाही. याची पक्की खूण म्हणजे मालकाच्या लॉगिनवर सुरळीत चालतं आणि कारागिराच्या लॉगिनवर रोज विचारतं.

लाइटरूम बंद करा. एसएलस्टोअरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम या दोघांना फुल कंट्रोल द्या, जो रोज काम करतो त्याच्या लॉगिनला मॉडिफाय द्या. मग लाइटरूमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून एकदाच रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, की टाका, बंद करा आणि साध्या पद्धतीनं उघडा. बहुतेक वेळा काम इथंच मिटतं.

नाही मिटलं तर नोंदच खराब झालेली असू शकते. एसएलस्टोअरचं नाव बदलून एसएलस्टोअर-जुना करा, त्याच जागी मूळ नावाचा रिकामा फोल्डर करा, वरच्यासारख्या परवानग्या द्या आणि की पुन्हा टाका. जुना फोल्डर डिलीट करू नका; नवीन नोंद झाली नाही तर तोच परत जागेवर ठेवता येतो. फोटोंवरचं एडिटिंग इथं नसतंच, ते कॅटलॉगच्या वेगळ्या फाइलीत असतं, त्यामुळं कामाला धक्का लागत नाही. संगणक हलका करतो म्हणणारी सफाईची सॉफ्टवेअरं अशा नोंदी उडवतात, त्यांना हा फोल्डर वगळायला सांगा.

इंटरनेटच्या वाटेवरची अडचण बहुधा जुन्या पापाची असते. आधी त्याच संगणकावर पेन ड्राइव्हवरून आणलेली क्रॅक, म्हणजे चोरीची, कॉपी असेल, तर इंटरनेटचे पत्ते कुठं वळवायचे ते सांगणाऱ्या विंडोजच्या होस्ट्स फाइलीत अडोबीच्या पत्त्यांआधी १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) लिहिलेल्या ओळी राहून जातात. मग पैसे मोजून घेतलेली खरी कॉपीसुद्धा सर्व्हरपर्यंत पोचत नाही. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सिस्टम ३२ मधल्या ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातली होस्ट्स उघडा आणि फक्त त्या ओळी काढा. सेव्ह करताना नावाला टीएक्सटी चिकटू देऊ नका.

घड्याळही बघा. वीज गेल्यावर तारीख मागच्या सालात जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय; तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन, म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं असेल तरी हाच घोळ होतो, म्हणून क्लोनच्या आधी हेल्प मेनूतून साइन आउट करावं. एक लायसन्स दोनच संगणकांवर चालू राहतं, तिसऱ्याला जागा हवी तर आधी एकावरून सोडावं लागतं.

सॉफ्टवेअर म्हणून? कॅननचा फाइव्ह डी मार्क फोर किंवा निकॉनचा डी ७५० अशा कॅमेऱ्यावर काम असेल तर अजून भक्कम. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) आणि पॅनोरामा जोडणी आहे, चेहरे ओळखून गट करणं आहे, धुकट फोटो साफ करणारं डीहेझ नाही. शेवटचा अपडेट ६.१४, डिसेंबर २०१७ चा, म्हणून त्यानंतरच्या कॅमेऱ्यांची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, ती उघडत नाही. अडोबीच्या फुकट डीएनजी कन्व्हर्टरमधून फिरवून डीएनजी या अडोबीच्या रॉ प्रकारात आणावी लागते, आणि हजार-दीड हजार फोटोंच्या लग्नात हा एक जास्तीचा फेरा कंटाळवाणा होतो. मॅकवर कॅटालिना या आवृत्तीपासून पुढं इन्स्टॉलरच चालत नाही.

पाचपैकी साडेतीन, तेही आधीच बसवलेल्या संगणकासाठी. आज कोणी या सॉफ्टवेअरची जुनी पेटी विकायला काढली तर घेऊ नका. भाड्याच्या आवृत्तीला की मागायची खोड नाही, पण महिन्याच्या प्लॅनला ३० दिवसांत आणि वर्षाच्या प्लॅनला ९९ दिवसांत एकदा इंटरनेट लागतं. जांबोटी-कणकुंबीसारख्या जंगलाकडच्या गावी मुक्कामी काम असेल तर निघायच्या आदल्या रात्री, शहरातच, लॅपटॉप नेटवर असताना एकदा उघडून बंद करा.