साठ हजारांतला गेमिंग पीसी: लॅमिंग्टन रोडची खरेदी आणि दीड वर्षाचा हिशेब

"ऑफिस के लिए ना, मॅडम?"

लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईचा कॉम्प्युटर बाजार. तिथल्या पहिल्या तिन्ही दुकानांत हाच प्रश्न आला. 'नाही, गेमिंग' म्हटलं की दुकानदाराची नजर माझ्यावरून सरळ माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याकडे जायची आणि पुढचं सगळं बोलणं त्याच्याशीच. पैसे माझे, खेळणार मी. भाचा फक्त कॅबिनेट उचलायला आला होता, पण त्याने तसं सांगितलं नाही. मजा येत होती त्याला.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. बजेट ६०,००० रुपये, त्यात फक्त सीपीयूचा डबा. मॉनिटर आधीच घेतलेला, २४ इंची, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आत्या म्हणून भाच्याला तिथल्या मेरवान बेकरीचा मावा केक खिलवायचा कबूल केला होता, तो अर्थातच संपलेला. दुकानं सुरू होईपर्यंत त्याचा मूड गेलेलाच होता.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. त्यामुळे कोटेशन हातात आलं की आधी एकूण रक्कम बघत नाही, कुठे काय दाबलंय ते बघते. तिन्ही कोटेशनं साठच्या आत बसत होती आणि तिन्हींत दाबलेल्या जागा त्याच होत्या: एसएमपीएसपुढे (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कंपनीचं नाव नाही, रॅमची एकच पट्टी, आणि सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डच्या जागी नुसतं 'कंपॅटिबल बोर्ड'. वाचवलेले पैसे गेले होते काचेच्या कॅबिनेटमध्ये आणि रंग बदलणाऱ्या सहा पंख्यांत.

दुसऱ्या दुकानात मी एसएमपीएस दाखवा म्हटलं. खोक्यावर भलं मोठं '४५० वॉट'. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. बाजूला स्टिकर असतो, त्यावर प्रत्येक व्होल्टेजखाली किती अँपिअर मिळतात ते छापलेलं असतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर. त्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं होतं. मोबाइलवर गुणाकार केला: २१६ वॉट. बाकीचे वॉट कुठे गेले असं विचारलं तर म्हणे, "मॅडम, इतना कोई नहीं देखता." शिवाय ग्राफिक्स कार्डला लागणारी आठ पिनांची वायरच त्याला नव्हती, वर कन्व्हर्टर लावून देतो म्हणाला. बाहेर पडलो.

ज्या चौथ्या दुकानातून शेवटी घेतलं, ते म्हणजे जिन्याखालचं एक टपरीवजा दुकान. काउंटरमागे साठीच्या आसपासचे एक काका, खोक्यांच्या भिंतीत अर्धे बुडालेले. त्यांनीही भाच्याकडेच पाहिलं, पण मी १२ व्होल्टचा विषय काढल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवली. एवढ्यासाठी त्यांना एक गुण.

प्रोसेसर घेतला एएमडीचा रायझन ५ ५६००, ११,२०० रुपये. काकांनी ५६००जी पुढे केला: "यह भी छह कोर, और ग्राफिक्स फ्री." खोटं नव्हतं ते. ज्यांना ग्राफिक्स कार्ड नंतर घ्यायचंय त्यांच्यासाठी ५६००जी चांगलाच. पण त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी आणि साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी, आणि हा फरक गेममध्ये जाणवतो. कार्ड त्याच दिवशी घेणार असाल तर फुकटच्या ग्राफिक्सचं काय लोणचं घालायचं?

खरी घासाघीस झाली कार्डावर. काका आरटीएक्स ३०५० वर अडून बसले होते, कारण एनव्हिडियाचं नाव सांगितलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. घोळ असा की ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डं विकली जातात. २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं. दुसऱ्यात नुसती मेमरी कमी नाही, कोरही कमी आहेत आणि मेमरीची बस, म्हणजे डेटा ये-जा करायची वाट, १२८ बिटवरून ९६ बिटवर आली आहे. त्याची जमेची बाजू एकच, ७० वॉटमध्ये चालतं आणि वेगळी पॉवरची वायर लागत नाही. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डब्यात घालायला उत्तम. मला नवा डबा भरायचा होता. मी घेतलं एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी, २०,५०० रुपये. १०८० पीला, म्हणजे फुल एचडी चित्राला, ते दोन्ही ३०५० च्या पुढे आहे. रे ट्रेसिंगमध्ये (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या) ते कच्चं आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) त्यात नाही, हे मला माहीत होतं. भाच्याला ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचंय, त्याच्या मशीनला मी हे कार्ड सुचवणार नाही. तिथे एनव्हिडियाच बरं.

एक चूक मात्र माझी. बी५५० चिपसेटचा बोर्ड घेतला, ९,३०० ला. आधीच्या पिढीचा बी४५० चा साधारण अडीच हजारांनी स्वस्त होता. पीसीआय ४.०, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला नवा, वेगवान रस्ता, हवा म्हणून मी हट्ट केला. हे कार्ड त्या रस्त्याच्या आठच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या ३.० वर थोडा फटका बसतो हे खरं, पण तो इतका बारीक की आकडे समोर ठेवल्याशिवाय कळणार नाही. काका म्हणाले होते, "आपकी मर्जी." त्या 'मर्जी'तला सूर मी ओळखायला हवा होता.

बाकीचं पटापट: ८-८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या ३,४०० (२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून हा आकडा कुणाला सांगितला की ऐकणारा उसासा टाकतो), १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ५,४००, ५५० वॉटचा ब्राँझ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस ४,३००, पुढून जाळी असलेलं कॅबिनेट ३,२००. एकूण ५७,३००. 'विदाऊट बिल' घेतलं तर आणखी कमी करतो म्हणाले. १८ टक्के जीएसटी सोडून देणं मोहाचं आहे, पण उद्या कार्ड गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला आधी बिल मागतो. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. डोंबिवलीत वीज जाते तेव्हा निदान गेम सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो.

परतीच्या गाडीत मी लेडीज डब्यात, मांडीवर ग्राफिक्स कार्डची पिशवी, आणि भाचा कॅबिनेट घेऊन लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी. कॅबिनेटच्या थर्माकोलला तो वास दोन दिवस होता.

जोडणी घरीच केली, जेवणाच्या टेबलावर. चार तास लागले. बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीठिक्कर. रॅम काढून परत बसवली, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बरोबरच होती. भाचा म्हणाला, "आत्या, तुझा बोर्ड गेला." रात्री साडेनऊला काकांना फोन लावला. ते जेवत असावेत. एकच प्रश्न विचारला: "वायर बोर्ड में लगाया या कार्ड में?" मॉनिटरची वायर मी सवयीने बोर्डला लावली होती. आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, हे मीच दुपारी त्यांना ऐकवलं होतं. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पहिले तीन आठवडे मी खुशीत खेळले. मग कळलं की रॅम ३२०० ची असून २४०० वरच चालतेय, कारण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी हेही कळलं की १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६० वर ठेवलाय. दोन सेटिंग बदलल्यावर जो फरक पडला तो बघून आधी आनंद झाला, मग तीन आठवड्यांची हळहळ.

दीड वर्षानंतर: व्हॅलोरंट सेकंदाला दोनशेच्या वर फ्रेम देतो, जीटीए ५ सेटिंग चढवूनही शंभरीच्या आसपास. नव्या जड गेमना सेटिंग मध्यमवर आणून एफएसआर (डीएलएसएससारखीच एएमडीची सोय) लावावं लागतं आणि त्याचं मला काही वाटत नाही. त्रास दिला तो प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या कूलरने. मे महिन्यात त्याचा आवाज शिट्टी व्हायच्या आधीच्या कुकरसारखा यायचा. शेवटी १,७०० चा टॉवर कूलर बसवला. कॅबिनेटच्या जाळीमागचा फिल्टर दर महिन्याला धुवावा लागतो. शेजारी बांधकाम चालू आहे, निघते ती धूळ नव्हे, सिमेंटच.

काकांच्या दुकानाला पाचपैकी चार. माल सीलबंद दिला, भाव बाजाराइतकाच लावला, रात्री फोन उचलला. एक गुण कापलाय तो बिलासाठी. बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून द्या म्हणून मी बसून राहिले, पाऊण तास गेला, आणि घरी येऊन खोक्याशी ताडला तर कार्डाच्या नंबरात एक आकडा चुकलेला. ३ च्या जागी ८. वॉरंटीच्या वेळी हाच आकडा आडवा येणार, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा ग्रँट रोड. काकांनी काही न बोलता नवीन बिल फाडून दिलं. एका आकड्यापायी जाऊन-येऊन तीन तास मोडले, पण त्या दिवशी दुकान उघडायच्या बऱ्याच आधी पोहोचले होते, तेव्हा मावा केक मिळाले. सहा घेतले, भाच्यापर्यंत चार पोहोचले.