कर्णबधिर लेकराचं ‘भाषा-वय’ विकणाऱ्या शिबिरांपासून सावध राहा

दिवाळीच्या आसपास, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) हातात पडते त्या दिवसांत, तालुक्याच्या गावी एखाद्या मंगल कार्यालयात शिबिर लागतं. पत्रकावर ‘मोफत श्रवण व भाषा तपासणी’ असं लिहिलेलं असतं. तपासणी खरोखर मोफत असते, पैसे अहवालाचे असतात. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाने 5 वर्षांच्या कर्णबधिर मुलीच्या अहवालासाठी 4,500 रुपये दिले. मग ‘सांकेतिक भाषा विकास पॅकेज’ म्हणून 36,000 दिले, तेही उचलीतून. तीन महिन्यांच्या अंतराने मिळालेले त्यांचे दोन्ही अहवाल आम्ही बारकाईने तपासले. लबाडी नेमकी कुठे आहे ते पालकांना ओळखता यावं, म्हणून हे लिहीत आहोत.

भाषा-वय म्हणजे मुलाची भाषा साधारण किती वयाच्या मुलाइतकी आहे तो आकडा. पहिला अहवाल सांगतो: आकलनाचं भाषा-वय 1 वर्ष 2 महिने, अभिव्यक्ती शून्य, ‘बौद्धिक वाढ मंद’. हे आकडे आले 20 चित्रांच्या कार्डांवरून. तपासणाऱ्याने तोंडाने ‘आंबा’ म्हणायचं आणि मुलीने चित्रावर बोट ठेवायचं. जिला ऐकू येत नाही तिची भाषा आवाजाने मोजली, की उत्तर शून्याजवळच येणार. त्या शून्यातून श्रवणदोष कळतो, भाषा कळत नाही. मुलगी घरी काय बोलते, हे कुणी विचारलंच नाही. घरी तिची आजोबांसाठी फेट्याची खूण आहे, म्हशीसाठी शिंगांची. ‘आजोबा’ आणि ‘गेले’ अशा दोन खुणा ती जोडते. दोन खुणा जोडणं हा भाषेच्या वाढीतला मोठा टप्पा आहे, आणि अहवालात त्याचा मागमूस नाही. तो वगळून लेकराला मंद ठरवणं आम्हाला पैसे उकळण्याहूनही वाईट वाटतं, कारण असा शिक्का पुढे शाळेपर्यंत जातो. कर्णबधिर मुलाची बुद्धी तपासायची तर चित्राकृतींवर आधारलेली, बोलण्यावर न विसंबणारी चाचणी लागते, आणि ती नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञानेच घ्यायची असते.

दुसऱ्या अहवालात भाषा-वय एकदम 2 वर्षं 6 महिन्यांवर गेलं. आई-बाप हरखले. पण कार्डं तीच 20, क्रमही तोच, आणि मधल्या काळात मोबाइलवरच्या 20 मिनिटांच्या वर्गांत तीच कार्डं घोटून घेतलेली. क्रम बदलून नवी चित्रं ठेवली तेव्हा मुलगी गोंधळली. शिवाय या वेळी तपासणारा खुणा करत होता आणि प्रत्येक खुणेबरोबर त्याची नजर बरोबर चित्राकडे जात होती. कर्णबधिर मुलं समोरच्याचे डोळे फार बारकाईने वाचतात. त्यात ‘खाणे’, ‘पिणे’ यांसारख्या खुणा इतक्या उघड असतात, की सांकेतिक भाषा न येणारं मूलही अंदाजाने बोट ठेवतं.

खरी चाचणी हा अंदाज बंद करते. ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या आकलनाची 1999 साली प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या. आधी मुलाला साधे शब्द येतात का ते पाहतात, मग व्हिडिओवर 40 वाक्यं दाखवतात. प्रत्येक वाक्यासाठी दिसायला सारखी अनेक चित्रं समोर असतात. ‘चेंडू टेबलावर’ आणि ‘चेंडू टेबलाखाली’, ‘एक गाडी’ आणि ‘पुष्कळ गाड्या’, ‘खातो’ आणि ‘खात नाही’ अशा प्रकारचे फरक त्यात असतात. सांकेतिक भाषेत हे फरक हातांच्या जागेने, मान हलवण्याने, चेहऱ्याने दाखवले जातात. म्हणजे नुसते शब्द पाठ करून भागत नाही, व्याकरण यावं लागतं. त्या चाचणीचे वयानुसार गुण ब्रिटनमधल्या मुलांवरून ठरलेले आहेत, ते हिंगोलीच्या मुलाला लावता येत नाहीत. म्हणून कुणी भारतीय सांकेतिक भाषेतलं वय महिन्यांसकट लिहून दिलं, तर ही तुलना कुठल्या आणि किती मुलांशी केली हे विचारा. उत्तर आलं नाही तर तो आकडा मनाने लिहिलेला समजा.

तुमच्या हातात येणाऱ्या अहवालात वर्णन हवं. श्रवणदोष कधी कळला, श्रवणयंत्र कोणत्या वयात लागलं, घरी कोण कोणत्या खुणा करतं, याची नोंद हवी. पालकांकडून भरून घेतलेली खुणांची यादी हवी, आणि त्यात घरच्या खुणाही मोजलेल्या हव्यात. मूल खेळत असताना किमान 20 ते 30 मिनिटांचं चित्रीकरण हवं. निःशब्द चित्रफीत दाखवून ती गोष्ट मुलाने आपल्या हातांनी परत सांगितली, तर कोण कुठे होतं हे ते जागेने दाखवतं का आणि पात्र बदलताना नजर व खांदे वळवतं का, हे तपासता येतं. हे पाहणाऱ्या व्यक्तीला स्वतःला सांकेतिक भाषा अस्खलित यायला हवी. कर्णबधिर शिक्षक सोबत असला तर फारच चांगलं. चित्रीकरणाची प्रत मागा. दुसऱ्या वेळची प्रगती खरी की घोटलेली, हे ठरवायला त्याहून पक्का पुरावा नाही.

पॅकेज गळ्यात मारताना एक भीती हमखास घातली जाते: “ताई, घरी खुणा करू नका, नाहीतर लेकरू कधीच बोलायचं नाही.” हे खोटं आहे. खुणांनी बोलणं अडत नाही. कर्णबधिर आई-बापांची कर्णबधिर मुलं पहिली खूण साधारण वर्षाच्या सुमारास करतात आणि दुसऱ्या वर्षात खुणा जोडू लागतात, ऐकणाऱ्या मुलांसारखीच. भाषा मागे पडते ती समोर भाषा नसल्यामुळे. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आई-बाप ऐकणारे असतात, म्हणून घरातल्यांनी खुणा शिकणं हाच उपाय आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश फुकट पाहता येतो.

पैसे देण्याआधी तपासणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. 1992 च्या कायद्याने नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे, त्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बेरा चाचणीसाठी (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी श्रवणचाचणी) आधी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. दिव्यांग ओळखपत्राला शुल्क नाही, त्यासाठी एजंट कशाला?

पैसे गेलेच असतील तर पावती, ऑनलाइन भरण्याचे स्क्रीनशॉट, पत्रक आणि दोन्ही अहवाल जपून ठेवा. मूळ प्रत कुणाकडेही ‘दुरुस्तीसाठी’ परत देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र ती फसवणुकीपासून 2 वर्षांच्या आत करावी लागते. तोडीला जायचं असेल तर निघण्यापूर्वीच अर्ज देऊन पोच घ्या.