रोपवाटिकेतली रोझमेरी: रोप घ्या, भरणा बदला

छत्रपती संभाजीनगर, लातूरकडे रोझमेरीचं (स्वयंपाकात वापरायच्या सुवासिक पानांचं झुडूप) रोप अनेकदा काळ्या पिशवीत, नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात मिळतं. रोप चांगलं असतं, भरणा चुकीचा. कोकोपीट आतून ओलं राहतं, मुळं कुजतात, पानं तपकिरी पडतात, आणि तहान लागली समजून लोक आणखी पाणी ओततात! घेताना पिशवीच्या भोकांतून मूळ पाहा. काळपट, लिबलिबीत असेल तर परत ठेवा.

घरी दहा इंची मातीची कुंडी. शेतातली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. दोन भाग मुरमाड माती, एक भाग जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. वरची दोन इंच माती कोरडी झाली की मगच पाणी. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली, पावसाळ्यात आडोसा.

वास कापराच्या वळणाचा, म्हणून स्वयंपाकात हात आखडता. अर्धा किलो बटाट्यांना एक चमचा बारीक चिरलेली पानं पुरतात. वाळलेली असतील तर तिसरा हिस्सा. कडकडीत फोडणीत ती करपून कडू होतात, तेव्हा मंद आचेवर लसणाबरोबर टाका. मटणाच्या रश्श्यात अख्खी काडी घालून वाढताना काढा. वरणात मात्र नकोच.